वेलखारे आणि बाहेरून आलेल्या

पुण्याच्या आनुवंश संशोधन केंद्रात एकोणिसावी पेटी आली, तेव्हा ती उघडण्याआधीच हेमांगीनं सांगून टाकलं की यात एक तरी वेलखारे मारामारीत सापडणार. सापडला. नारायण जोमा वेलखारे, वय छत्तीस, बंदरावर एकाच्या डोक्यात वल्हं घातल्याबद्दल दोन महिने सक्तमजुरी, साल १९११. त्याच पेटीत दीपगृहाचं हजेरीपुस्तक होतं, तालुक्याच्या शाळेचे दाखले होते, बोटीवरच्या खलाशांची यादी होती, कुस्तीत फेटा मिळवलेल्यांची नावं होती, आणि एका छायाचित्रकाराच्या वहीत 'वेलखारे, सहकुटुंब, प्रती तीन, न्यायला कुणी आलं नाही' अशी नोंद होती. या कागदांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो फक्त आडनावाचा.

हे सगळं दुवायंत्रात जायचं. दुवायंत्र म्हणजे जुनी हस्ताक्षरं वाचून त्यांतून माणसं जुळवणारी संगणकप्रणाली. मोडी असो, कारकुनी फराटे असोत, वाळवीनं अर्धं खाल्लेलं पान असो, ते वाचायचं. तुरुंगातला नारायण आणि कुस्तीतला नारायण एकच का, हे ते गाव, वय आणि बापाचं नाव पाहून ठरवायचं, आणि अडलं की हेमांगीला विचारायचं. ती केंद्राची दप्तरतज्ज्ञ. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांशी हिचं बरं जमतं, असं तिचा नवरा म्हणायचा, आणि ते फारसं खोटं नव्हतं. तीन वर्षांत यंत्रानं सातशे चाळीस वेलखारे एका वंशवृक्षावर नेऊन बसवले.

एवढा खटाटोप हौसेखातर चाललेला नव्हता. खाडीकाठच्या वेलखार गावातून निघालेल्या या कुळात एक जनुक बिघडलेला होता. तो ज्याच्याकडे असेल त्याच्या मेंदूतलं एक प्रथिन पंचेचाळिशीनंतर चुकीचं दुमडू लागतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. आधी झोप जाते. मग तोल, मग बोलणं, आणि नऊ-दहा महिन्यांत माणूस. केंद्रात या रोगाला निद्रालोप म्हणत. जनुक आला की रोग आलाच. पन्नाशी पार केलेला एकही वाहक जगातल्या कुठल्या दवाखान्यानं पाहिलेला नव्हता. आईबापांपैकी एक वाहक असेल, तर प्रत्येक मुलाला जनुक मिळण्याची शक्यता निम्मी.

हेमांगीचा नवरा प्रभंजन वेलखारे पंचेचाळीस वर्षांचा होता, आणि तो वाहक होता. त्याचा बाप सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला होता. त्यांची मुलगी ईशा सतरा वर्षांची. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिची तपासणी करता येत नव्हती. निम्मी शक्यता म्हणजे काही वाईट नाही, असं ईशा इतक्या शांतपणे म्हणायची की हेमांगीला तिचा रागच यायचा.

मार्चमध्ये केंद्राचे प्रमुख डॉ. भार्गव किरकिरे यांनी नवराबायकोला आपल्या खोलीत बोलावलं. किरकिरे साठीचे, सडसडीत. आनंद झाला की ते खुर्चीत टिकत नसत. त्या दिवशी ते एकदाही बसले नाहीत.

"अटळ वाहक म्हणजे कोण, ते आधी सांगतो," ते प्रभंजनला म्हणाले. "समजा, तुमच्या आजोबांना रोग होता आणि तुमच्यात जनुक आहे. मग मधल्या तुमच्या वडिलांचं रक्त तपासायची गरजच नाही. जनुक त्यांच्यातूनच आला असणार. तो मधली पिढी सोडून उडी मारत नाही. आता ऐका. दुवायंत्राला असे चार अटळ वाहक सापडलेत, जे मेलेच नाहीत."

"मेलेच नाहीत?" प्रभंजननं विचारलं.

"म्हणजे वेळेवर मेले नाहीत. जोमा, पदू, हाशा आणि गोमा. चार वेगवेगळ्या पिढ्यांतले. चौघांचे बाप पन्नाशीच्या आत गेले, लक्षणं हीच. चौघांची मुलंही तशीच गेली. आणि हे चौघे जगले एक्काहत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर आणि ऐंशी वर्षं."

प्रभंजन पूल बांधणारा माणूस. आकड्यावर वजन टाकण्याआधी तो आकडा हलवून बघायचा. नोंदी चुकल्या नसतील कशावरून, असं त्यानं विचारलं. किरकिऱ्यांनी हेमांगीकडे पाहिलं. ती म्हणाली की चौघांचे कागद तिनं स्वतः डोळ्यांखालून घातलेत. जुन्या वयांत दोन-तीन वर्षं इकडची तिकडे होतात, तीस होत नाहीत.

मग किरकिऱ्यांनी खरी गोष्ट सांगितली. वेलखाऱ्यांची पोरं पोलिसांत गेली, बोटीवर गेली, टपालखात्यात गेली, आणि जिथं गेली तिथं मेली. गावचं मिठागर सोडून कुठंही न गेलेले हे चौघेच. परवाना नुसता नावावर ठेवून बाहेर नोकरीला गेलेल्या बापानंतर मुलगा म्हणून मिठागराच्या परवान्याच्या वहीत चौघांचीही नावं लागलेली होती. जन्मभर खाऱ्या पाण्यात गुडघाभर उभे राहिले आणि म्हातारे होऊन गेले. तेव्हा त्या पाण्यात काहीतरी असलं पाहिजे. पाण्याचे नमुने आणून पाहिले, तर लिथियम आणि आणखी दोन क्षार एका वेगळ्याच प्रमाणात सापडले. काचेच्या नळीत त्यांनी प्रथिनाचं दुमडणं थोडं मंदावलं. थोडंच; पण आशा धरून बसलेल्या माणसाला थोडं पुरतं. त्या क्षारांचं औषध केंद्रात तयार झालं होतं. नाव क्षारकवच.

अडचण एकच होती. प्रभंजनला दुसऱ्या एका उपचाराच्या चाचणीत जागा मिळालेली होती. बंगळुरातल्या एका रुग्णालयात जनुकमौन नावाची शस्त्रक्रिया सुरू होणार होती: मेंदूत असा रेणू सोडायचा की बिघडलेला जनुक कायमचा गप्प बसेल. यशाची शक्यता शंभरात चाळीस, आणि शंभरात दहाजण टेबलावरच जाण्याची भीती. चाचणीत शेहेचाळिशीच्या आतलेच घेणार होते, आणि क्षारकवचाची एक मात्रा घेतलेला माणूस त्यांना चालणार नव्हता. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवता येत नव्हती.

दोघं दोन दिवस त्यावरच बोलत होते. शेवटी प्रभंजननं सरळ विचारलं, "तुला काय वाटतं?"

"बंगळुरात आजवर फक्त उंदीर जगलेत," हेमांगी म्हणाली. "इथं चार माणसं जगलीत."

"तुझ्या कागदांवर माझा विश्वास आहे," तो म्हणाला, आणि त्यानं बंगळुरला नकार कळवला.

बातमी कुळात पसरली. हयात वेलखाऱ्यांत एकसष्ट वाहक होते. त्या सगळ्यांनी क्षारकवच सुरू केलं आणि ज्यांना ज्यांना बंगळुरात जागा मिळाली होती त्यांनी ती सोडली. सात कुटुंबांना औषधावरही भरवसा ठेववेना. ती उठून वेलखारला राहायला गेली. मिठागर चाळीस वर्षं बंद होतं, त्याचे बांध त्यांनी पुन्हा घातले. एक बँक व्यवस्थापक राजीनामा देऊन रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहू लागला. कुणी हसलं नाही. प्रभंजन आणि हेमांगीही दोनदा जाऊन पाहून आले, आणि येताना बाटल्या भरून पाणी घेऊन आले. ते सहा महिने हेमांगीच्या संसारातले सगळ्यात चांगले महिने होते. जेवताना पुढच्या दहा वर्षांच्या गोष्टी निघायच्या, आणि त्या कुणी मधेच थांबवायचं नाही.

सप्टेंबरात केंद्रानं वंशवृक्ष छापायचं ठरवलं. शेवटची तपासणी करताना हेमांगीला सहज वाटलं की यंत्रानं आपल्याला कुठं बसवलंय ते बघावं. ती वृक्षावर नव्हतीच. शोधल्यावर ती एका वेगळ्या ढिगात सापडली. ढिगाचं नाव 'बाहेरून आलेल्या'. खाली शेरा: 'जनुकमार्गात नाही, विचारात घेऊ नये'. तिला हसू आलं. सासूबाईंचंही हेच मत होतं, फक्त त्यांना यंत्र लागलं नव्हतं.

त्या ढिगात एकशे चाळीस बायका होत्या. लग्नात सासरचं आडनाव मिळालं, नावही बदललं. त्यामुळे त्या आल्या कुठून हे कागदावर कुठंच नव्हतं. शेजारी दुसरा ढीग होता, वेलखाऱ्यांच्या मुलींचा. एकशे एकतीस. जन्माची नोंद, एखादीचा शाळेचा दाखला, आणि पुढे काही नाही. लग्न झालं आणि यंत्राच्या दृष्टीनं त्या संपल्या. एका ढिगाला शेवट नव्हता आणि दुसऱ्याला सुरुवात. हेमांगीनं कशासाठी म्हणून नव्हे, निव्वळ सवयीनं, बाहेरून आलेल्यांची यादी मरणाच्या वयानुसार लावली. बहुतेकजणी एक तर बाळंतपणात गेल्या होत्या, नाही तर सत्तरीनंतर. मधे चारजणी एकापाठोपाठ एक आल्या: शेहेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. तिनं नवऱ्यांची नावं पाहिली. जोमा, पदू, हाशा, गोमा.

तिनं ती चार नावं एका कागदावर उतरवून घेतली. मग रजेचा अर्ज टाकून वेलखारला गेली.

गावात बांधाच्या झडपा राखणारा राघोतात्या अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. गोमाला त्यानं लहानपणी पाहिलेलं. हेमांगीनं त्याला गोमाचा बाप कोण, एवढंच विचारलं.

"कुठला बाप? पल्याडच्या गावचा असंल कुनी," राघोतात्या म्हणाला. "गोमा जावय होता ना गं."

"कागदावर मुलगा लिहिलाय, तात्या."

"कागदाव लिवनारच. परवाना पोराच्याच नावाव व्हायचा, जावयाच्या नाय. मंग कचेरीत जाऊन सांगायचं, ह्यो माझा पोर. पोरं शिकली, बोटीव गेली. आगरात कोन उतरतंय? लेकीला घरात ठेवायची न तिचा नवरा आगराव बसवायचा. हाशा तसाच, पदू तसाच, आमचा आजा सांगं जोमाबी तसाच. सगल्या गावाला ठावं हाय."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच ते कुणी कुठं लिहिलं नव्हतं.

हेमांगी थेट केंद्रात आली आणि तिनं किरकिऱ्यांना सगळं सांगितलं. ते हुशार होते. तिला दुसरं वाक्य पुरं करावं लागलं नाही. चौघे घरजावई होते. वेलखाऱ्यांचं रक्त त्यांच्यात कधी नव्हतंच. ते वाचले नव्हते, कारण त्यांना धोकाच नव्हता. जनुक होता त्यांच्या बायकांत, घरच्या लेकींत, आणि त्या वेळेवर मेल्या होत्या. मिठागराचं पाणी म्हणजे नुसतं खारं पाणी. पुरुष वेलखारे म्हटला की तो आतला, आणि बाई म्हटली की ती बाहेरची, हे यंत्राला कुणी शिकवलं होतं? हेमांगीनंच शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात, चहा पिता पिता, त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नव्हतं.

"प्रभंजनची बंगळुरची जागा?" तिनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"नाही मिळणार. त्यांच्या रक्तात सहा महिन्यांचं औषध आहे, आणि आता वयही बसत नाही." किरकिरे आज खुर्चीतून उठत नव्हते. "आणि हेमांगी, एवढ्यावर संपत नाही. घरात राहिलेल्या लेकी चार. बाकीच्या एकशे सत्तावीस कुठं गेल्या?"

त्या लग्न करून गेल्या होत्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या जनुक घेऊन गेल्या. त्यांना मुलं झाली, मुलांना मुलं झाली, आणि ती सगळी दुसऱ्या शंभर आडनावांखाली नांदत होती. यंत्राला अंदाज विचारला तेव्हा त्यानं एकसष्टच्या जागी साडेतीनशेच्या वर आकडा दिला. त्यांना शोधायचं तर हातात धागा काय, तर वेलखारे. आणि तेवढंच एक त्यांच्याकडे नव्हतं. या लेकी गेल्या असतील त्या काही परदेशी नव्हे. पाच-सात मैलांच्या टापूत, आपल्याच लोकांत. आणि वेलखाऱ्यांच्या सुनाही त्याच टापूतून आलेल्या होत्या. किरकिऱ्यांनी हे मोठ्यानं म्हटलं. मग त्यांनी वाहकांच्या हयात बायकांचं रक्त तपासायचा आदेश काढला. चौतीसजणींची नावं होती. हेमांगीनंही दंड पुढे केला. नियम तो नियम.

दोन आठवड्यांनी निकाल आले. चौतीसांपैकी सहाजणींत जनुक होता. किरकिऱ्यांनी पाच नावं वाचली आणि सहावं वाचलं नाही.

हेमांगीची आई छत्तिसाव्या वर्षी अपघातात गेली होती. आईची आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी 'डोक्यावर परिणाम होऊन' गेली, असं घरात सांगत. तिचं माहेर कुठलं, हे हेमांगीनं कधी विचारलं नव्हतं. सातशे चाळीस परक्या माणसांचे बाप शोधणारी बाई.

किरकिरे म्हणाले की बंगळुरला दुसरी तुकडी घेणार आहेत. हेमांगी त्रेचाळीस वर्षांची होती आणि क्षारकवच तिला कुणी दिलेलंच नव्हतं, कारण ती बाहेरची. तिचा अर्ज बसत होता. तिला ते ऐकून किळस आली. नवऱ्याची जागा तिनं आपल्या शब्दानं घालवली होती, आणि आता तसलीच जागा तिच्यापुढे आली होती.

ती दुपारीच घरी गेली. प्रभंजन घरी होता. तिनं त्याला आधी मिठागराचं सांगितलं, मग स्वतःचं. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. सगळं संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं की अर्ज करायची शेवटची तारीख काय.

"मी तुला थांबवलं," हेमांगी म्हणाली. "तू जायला निघाला होतास आणि मी थांबवलं."

"हो," प्रभंजन म्हणाला. "आता मी तुला पाठवतोय. ईशाजवळ कुणीतरी राहायला पाहिजे." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तिला आज सांगायचं, की परीक्षेनंतर?"

आजच सांगायचं ठरलं. लपवाछपवीचं काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. ईशा महाविद्यालयातून आली, तिनं हातपाय धुतले, आणि दोघांच्या मधे येऊन बसली. हेमांगीनं सांगितलं. आईबाप दोघंही वाहक असले तर मूल सुटण्याची शक्यता चारांत एक, हे ईशानं स्वतःच मनातल्या मनात काढलं; ते आकडे तिच्या चेहऱ्यावर दिसले. ती रडली नाही. तिनं आईचा हात धरून ठेवला, आणि मग विचारलं, "मग रेवतीमावशीला सांगितलंस का?"

हेमांगीला आधी प्रश्नच कळला नाही. रेवती तिची सख्खी थोरली बहीण, शेहेचाळीस वर्षांची, लग्न होऊन नाशिकला, आडनाव पिंगळे. दोन आठवडे हेमांगी वेलखाऱ्यांच्या लेकींच्या मागावर होती, आणि एका पोटची बहीण तिच्या डोक्यातही आली नव्हती.

गेल्याच आठवड्यात रेवतीचा फोन आला होता. दोन महिने झाले, डोळ्याला डोळा लागत नाही म्हणत होती. पाळी जायच्या वयात असं होतंच, असं हेमांगीनं तिला समजावलं होतं, आणि कोमट दुधात जायफळ उगाळून घे म्हणून सांगितलं होतं.